सातचं बटण

फेब्रुवारी लागला की नारायणगावच्या चौकातून रिकाम्या क्रेटनी भरलेल्या पिकअप गाड्या खडखडत जायला लागतात. दुकानात बसल्या जागी मला तो आवाज येतो, आणि लोकांना जशी द्राक्षं आठवतात तसा मला राग आठवतो. मी मनात धरून ठेवणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. 'झालं गेलं गंगेला मिळालं' असं म्हणणाऱ्यांचं बहुतेक काही गेलेलं नसतं. माझं नाव गेलं होतं, चार वर्षांपूर्वी, अशाच एका फेब्रुवारीत. ते गंगेला मिळालं नाही. ते शेअर जीपमधून गावोगाव फिरलं.

तो हंगाम अजून माझ्या नाकात आहे. बोरी बुद्रुकला अण्णा नावाच्या बागाईतदाराचं पॅकहाऊस होतं, म्हणजे परदेशी जाणारी द्राक्षं निवडून पेट्यांत भरायची जागा. आजही आहे. सकाळी आठला पोचावं तर बागांवर धुकं रेंगाळलेलं असायचं आणि आतला हॉल इतका गार, की बायका स्वेटरवर ॲप्रन चढवायच्या. डोक्याला टोप्या, हातात बारक्या कात्र्या. घड उचलायचा, फिरवून पाहायचा, दबलेला किंवा चिरलेला मणी कात्रीने काढायचा आणि घड पिशवीत ठेवायचा. चाळीस कात्र्या एकदम चालू असल्या की बोलायला आवाज चढवावा लागायचा. पिकल्या द्राक्षांचा गोड वास यायचा आणि त्यात माल टिकावा म्हणून पेटीत घालायच्या गंधकाच्या कागदाचा घशाला लागणारा उग्रपणा मिसळलेला असायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर केसांनासुद्धा तो वास यायचा.

हॉलच्या टोकाला वजनकाटा होता आणि त्याच्याशेजारी माझं टेबल. पेटी काट्यावर आली की वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये उतरायचं आणि लेबल बाहेर पडायचं. पेटी कुठल्या शेतकऱ्याची, कुठल्या बागेची, माल कधी तोडलेला, सगळं त्यावर असायचं. लेबल नसेल तर पेटी परदेशी जात नाही, मग आत अमृत का भरलेलं असेना. माझं माहेर अवसरी खुर्दचं, सासर नारायणगावचं. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला, पण मी स्वतः पुण्याच्या पुढे फारशी गेलेली नाही. माझी लेबलं मात्र समुद्र ओलांडायची. ह्याचा मला गर्व होता. होता म्हणजे होता, त्यात लाजायचं काय.

काटा आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडून देण्याचं काम विलासने केलेलं. विलास म्हणजे आमच्या भागातल्या पॅकहाऊसना मशिनरी पुरवणारा माणूस. सगळे त्याला इंजिनिअर म्हणायचे आणि तोही कधी नको म्हणायचा नाही. त्याने कुठूनतरी स्वस्तात मिळवलेलं एक कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं होतं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. कार्डाशी बोलायला कॉम्प्युटरला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ह्या कार्डाचा ड्रायव्हर विनासहीचा होता.

आता ही सही म्हणजे काय ते सांगते, कारण माझं सगळं भांडण तिथूनच सुरू झालं. कॉम्प्युटरच्या आत एक गाभा असतो, कर्नेल नावाचा. तिथे जो पोचला त्याच्या हातात सगळं येतं. फायली, कीबोर्ड, इंटरनेट, इतकंच काय, पहाऱ्यावर बसवलेला अँटीव्हायरससुद्धा. देवळाच्या गाभाऱ्यात आपण सगळे घुसत नाही, गुरव जातो, तसं आहे ते. पण ड्रायव्हरला ह्या गाभ्यात जावंच लागतं. म्हणून हल्लीचे कॉम्प्युटर त्याला दारात अडवून विचारतात. तू कुणाचा? तुला बनवलं कुणी? वाटेत तुझ्यात कुणी काही कालवलं तर नाही? ह्या प्रश्नांचं उत्तर म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही. ती नसेल तर कॉम्प्युटर त्याला आत घेत नाही.

विलासने ह्याच्यावर तोडगा काढला होता. रोज सकाळी कॉम्प्युटर एका ठरावीक पद्धतीने रिस्टार्ट करायचा. पडद्यावर पर्यायांची यादी येते, त्यातला सातवा निवडायचा. सातवा पर्याय म्हणजे, आता कुणाला सही विचारू नकोस, येईल त्याला आत सोड. कॉम्प्युटर बंद झाला की ही सूट संपते, म्हणून लाइट गेली की पुन्हा सात. पॅकहाऊसमध्ये ह्याचा एक रिवाजच होऊन बसला. आधी गणपतीला उदबत्ती, मग सात, मग पहिली पेटी. हंगामाच्या पहिल्या दिवशी मशीनला नारळ फुटला तेव्हा मंदाकाकूंनी कीबोर्डवर बाकी कुठे नाही, नेमकं सातच्या बटणावर हळदकुंकू वाहिलं. मंदाकाकू म्हणजे कात्रीवाल्या बायकांच्या मुकादम. "हेच तर लक्षुमीला दार उघडतंय," त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या आणि मीही हसले. कुंकू आत जाऊन बटण अडकायला लागलं, तेव्हा मी ते काडेपेटीच्या काडीने साफ करत बसायची.

हसले तरी मला ते खटकत होतं. मी विलासला म्हटलंही होतं, की हे दार सताड उघडं टाकून शेतावर जाण्यासारखं आहे.

"ताई, सही बँकेत लागती," तो म्हणाला. "मशीनला कशाला पायजे सही? वजन येतंय ना?"

वजन येत होतं, हीच तर पंचाईत होती. ज्या दारातून चोर येऊ शकतो त्या दारातून वाराही छान येतो, आणि वाऱ्याला कोण नाही म्हणणार? मी पुन्हा बोलले नाही. बायकांनी एका मर्यादेपलीकडे मशीनबद्दल बोललं की पुरुषमाणसं एक विशिष्ट हसू हसतात. ते हसू मला आवडत नाही.

मग ऐन गर्दीच्या दिवशी लाइट चार वेळा गेली. चार वेळा सात दाबावं लागलं, दर वेळी काट्यापाशी पेट्या तुंबल्या, आणि अण्णांनी फोन करून विलासला बोलावून घेतलं. तो वैतागूनच आला. रोजची कटकट त्याने कायमची मिटवली, म्हणजे सही तपासायची सोयच कॉम्प्युटरमधून काढून टाकली. पडद्याच्या कोपऱ्यात 'टेस्ट मोड' अशी इंग्रजी अक्षरं उमटली. मग त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला.

"नवीन ड्रायव्हर घावलाय नेटवर. लई फास्ट हाय."

पेनड्राइव्ह लावल्याबरोबर अँटीव्हायरसने लाल खिडकी दाखवली. "हा येडा उगाच वरडतो," असं म्हणून विलासने अँटीव्हायरस बंद केला.

"विलासभाऊ, नका करू," मी म्हणाले. "तो ड्रायव्हर कुणाचा, त्यात काय हाय, तुमालाच ठाव नाय."

"तुमी लेबलं चिकटवा, ताई."

मंदाकाकू लेबलचा नवा रोल न्यायला आल्या होत्या. माझ्या खुर्चीला हात लावून उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं आणि ऐकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एकही फाईल उघडेना. प्रत्येक नावापुढे भलतीच शेपटी लागलेली, आणि पडद्यावर मधोमध इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. कोल्ड स्टोरेजमधली कुठली पेटी कुठल्या बागेची, ह्याची सगळी नोंद कुलूपबंद. त्या आठवड्याचा माल परदेशी जाणार होता, तो पडेल भावाने खुल्या बाजारात गेला. शेतकरी अण्णांच्या ऑफिसात येऊन बसले होते. कुणी आरडाओरडा करत नव्हतं, ते नुसते बसले होते, आणि अण्णांना ते सहन होईना.

विलास आला, त्याने पडदा पाहिला, आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसंच झालं. "ह्या मॅडम मोबाईल लावत्यात कॉम्प्युटरला, चार्जिंगला. तिथनंच शिरला व्हायरस," तो म्हणाला.

हे साफ खोटं आहे, असं मला म्हणता येईना. कारण एकदा, अगदी एकदाच, मी मोबाईल लावला होता. सासूबाई दवाखान्यात होत्या आणि चार्जर घरी राहिला होता. खोटं बोलणाऱ्याला तेवढा खऱ्याचा कण पुरतो. मी पेनड्राइव्हचं सांगायला लागले तेव्हा माझा आवाज माझाच मला खोटा वाटला. अण्णांनी हॉलमध्ये येऊन विचारलं, "विलासनं पेनड्राइव्ह घातला म्हणत्यात ह्या. कुणी बघितलं का?"

मी मंदाकाकूंकडे पाहिलं. रोज दुपारी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्या माझ्या डब्याच्या झाकणात ठेवायच्या. पोरी म्हणायच्या मला. त्यांनी हातातल्या कात्रीकडे पाहिलं आणि पुढचा घड उचलला. मग बाकीच्यांनीही उचलले. चाळीस कात्र्या पुन्हा चालू झाल्या.

"उद्यापासनं येऊ नका, ताई," अण्णा म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर मी व्हायरसवाली झाले. जीपमध्ये मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजायचं आणि पुढची बाई मान वळवून पाहायची. दुसऱ्या दोन पॅकहाऊसमध्ये विचारून पाहिलं, दोन्हीकडे चहा मिळाला आणि काम मिळालं नाही. शेवटी स्टँडजवळ एक गाळा घेऊन दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथे मी कॉम्प्युटरचं जे काही शिकले ते कुतूहलाने नाही शिकले, रागाने शिकले. रागाने शिकलेलं विसरायला होत नाही, हा माझा अनुभव आहे. गाभा कसा चालतो, सही कोण देतं, विनासहीचा ड्रायव्हर आत गेल्यावर तो अँटीव्हायरसच्या डोळ्यांसमोरून स्वतःला कसा नाहीसा करतो, हे सगळं मी दुपारच्या रिकाम्या वेळात वाचून काढलं. घरी कुणी विचारलं, एवढं काय वाचतेस, तर म्हणायची, विलासला वाचतेय.

सुडाचे बेत तर मी इतके केले, की त्यांचाच एक हंगाम झाला असता. विलासची गाडी घाटात बंद पडावी आणि मी स्कूटरवरून हळू पुढे निघून जावं. त्याच्या पोरीच्या लग्नात फोटोवाल्याचा कॉम्प्युटर बंद पडावा आणि विलासने मला फोन करावा. हे झाले साधे बेत. एक बेत साधा नव्हता. विलासने आसपासच्या प्रत्येक पॅकहाऊसमध्ये तेच कार्ड आणि तोच जुगाड बसवला होता, आणि कुठे कुठे बसवला त्याची यादी माझ्याकडे होती. सगळीकडे पहारा उठवलेला. एकाच दिवशी सगळ्यांचे काटे मुके करायला मला फार कष्ट पडले नसते. पंधरा दिवस मी तो विचार उराशी घेऊन फिरले. केलं नाही. त्यात माझा काही चांगुलपणा नाही. तसं केलं असतं तर विलास माझ्याबद्दल जे बोलला ते खरं झालं असतं, आणि ते सुख मी त्याला देणार नव्हते.

म्हणून थांबले. कारण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. कॉम्प्युटर बदलत जातात आणि तो ड्रायव्हर होता तिथेच राहणार. त्याला बनवणारे उरले नाहीत, मग त्याला नव्या घराला साजेसं करणार कोण? आज ना उद्या एक असा कॉम्प्युटर येईल जो विलासचं ऐकणार नाही. मी बाजारात नव्या कॉम्प्युटरच्या जाहिराती पाहायची आणि मला बरं वाटायचं.

ते ह्या वर्षी झालं. जुन्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद झालं म्हणून बऱ्याच जणांनी नवे कॉम्प्युटर घेतले, अण्णांनीही घेतला. आणि परवाच्या सोमवारी, भर दुपारी, विलास माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"ताई, वळखलं का?"

"मी वळखलं. तुमी वळखलं का, ते सांगा."

तो स्टुलावर बसला. मी पाणी दिलं. पाणी वैऱ्यालाही द्यावं, तेवढं मला घरातून मिळालेलं आहे.

"अण्णांकडं नवा कॉम्प्युटर आलाय. सात दाबलं, टेस्ट मोड लावला, ते मेमरीच्या सुरक्षेचं कायतरी असतंय ते बी बंद केलं. मग कुठं ड्रायव्हर आत गेला, आन् गेल्या गेल्या समदा कॉम्प्युटर निळा पडला. चालू केला की निळा, चालू केला की निळा. सकाळधरनं माल तसाच पडलाय, राव. आजून चार ठिकाणी हेच व्हणार."

मला आतल्या आत आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. होणारच होता निळा. साधा प्रोग्रॅम पडला तर एकटा पडतो. गाभ्यातला ड्रायव्हर अडखळला तर सगळं घर घेऊन पडतो. जुन्या कॉम्प्युटरची अंतर्रचना धरून लिहिलेला तो ड्रायव्हर नव्याच्या अंधारात चाचपडणार आणि भलतीकडे पाय देणार, हे मी चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं, कुणी ऐकलं असतं तर. आणि इलाज? तो माझ्या ड्रॉवरमध्येच होता. त्या काट्याला मागच्या बाजूने साधी वायर निघते. ती यूएसबीला जोडायचा बोटाएवढा कन्व्हर्टर मिळतो, नीट कंपनीचा, सही असलेल्या ड्रायव्हरचा. नवा कॉम्प्युटर त्याला न कुरकुरता आत घेतो. विलासच्या कार्डाची गरज पहिल्या दिवसापासूनच नव्हती. अर्ध्या तासाचं काम.

"उद्या अकराला येते," मी म्हणाले.

"आज न्हाई का जमायचं?"

"नाय. आन् एक अट हाय. हॉलमध्ये, समद्या बायांसमोर, तुमी सांगायचं पेनड्राइव्ह कुणाचा व्हता."

तो लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच, की मला अजून काहीतरी मागायला हवं होतं असं वाटलं.

त्या दुपारी अण्णांचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही. समोर काही काम नव्हतं, स्कूटरमध्ये पेट्रोल होतं, कन्व्हर्टर ड्रॉवरमध्ये होता. पण आज हॉलमधले हात रिकामे बसले असतील, बायकांचा रोज बुडाला असेल, हा विचार मी द्राक्षाच्या मण्यासारखा तोंडात घोळवत राहिले. आता कळेल त्यांना. चार वाजता मी स्वतःसाठी आलं घालून चहा केला आणि सावकाश प्यायला.

दुसऱ्या दिवशी अकराला पोचले. हॉल तसाच गार, वास तोच. क्रेट भिंतीपर्यंत रचलेले आणि टेबलांमागे बायका उभ्या. विलास पुढे झाला. मी ह्या क्षणाची चार वर्षं वाट पाहिली होती, आणि मनात मी नेहमी त्याला मान खाली घातलेला पाहिला होता.

"त्या टायमाचा पेनड्राइव्ह माझाच व्हता बरं का," तो हसत म्हणाला. "ताईंचा काय दोष नव्हता. व्हतं असं कधीमधी."

"झालं गेलं," अण्णा म्हणाले. "ताई, काटा तेवढा बघा."

बस्स, एवढंच. एक बाई शेजारणीला विचारत होती, कोण ताई? मी टेबलाखाली वाकून विलासचं कार्ड उपटलं आणि त्याच्याच हातात दिलं. सुरक्षेची त्याने बंद केलेली एकेक कडी पुन्हा लावली. कन्व्हर्टर जोडला. कॉम्प्युटरने त्याची सही स्वतःच तपासली आणि काट्यावरचं वजन पडद्यावर उतरलं. कात्र्या चालू झाल्या. मी स्वतःला विचारलं, बरं वाटतंय का? वाटत होतं. हसून का होईना, त्याच्या तोंडातून आलं होतं, अण्णांच्या कानावर गेलं होतं. थोडं कमी भरलं, एवढंच.

बाहेर स्कूटरपाशी मंदाकाकू मागून आल्या. केस पांढरे झालेत आता.

"पोरी, कालच येता आलं असतं ना तुला?"

"आलं असतं."

"मग?"

"तुमी चाळीस जणी त्या दिवशी गप बसला," मी म्हणाले. "म्हटलं, एक दिवस तुमचे बी हात रिकामे राहू द्या. कसं वाटतं ते कळू द्या."

काकू रागावल्या नाहीत. "माझ्यापुरतं तुझं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मी बघितलं व्हतं आन् भ्याले. सून नुकती लागली व्हती हितं कामाला. मला तू काय बी बोल." मग त्यांनी हॉलच्या दाराकडे हात केला. "पर त्या दिवशीच्या आता आमी तिघीच ऱ्हायलोय. बाकी समद्या तिकडं डोंगराकडच्या. भात-नाचणी उरकून दोन महिन्यासाठी येत्यात. काल दिसभर वट्यावर बसून व्हत्या बिचाऱ्या, आत्ता बलवत्याल, मग बलवत्याल म्हणून. तुझं नाव बी ठाव न्हाई त्यांना. त्यांनी काय केलं व्हतं गं तुझं?"

मी स्कूटर सुरू केली. बोरीहून नारायणगाव काही लांब नाही. तेवढ्या वाटेत मी काकूंच्या प्रश्नाला उत्तर शोधत राहिले, आणि विलासवर ढकलता येईल असं एकही मला सापडलं नाही.